आधी दिवस सांगा, मग ताट

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. काय खातो हे सगळे अगदी तपशिलानं लिहितात. पण कधी खातो, कोणासोबत खातो, रात्री किती वाजता झोपतो, दिवसातला किती वेळ बसून जातो, हे फार थोड्यांनी लिहिलंय. समोर बसलेल्या माणसाला आहारतज्ज्ञ म्हणून मी आधी हेच विचारते. उत्तराचा मोठा भाग बहुतेक वेळा तिथेच सापडतो. म्हणून ज्यांनी आपल्या दिवसाबद्दल दोन ओळी का होईना लिहिल्या, त्यांची पत्रं आज घेतली आहेत.

प्रश्न: माझं वय 41, काम बैठं. काही महिन्यांपासून खाणं सुधारायचं मनावर घेतलंय. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध, मग एक फळ, दुपारी फक्त सॅलड. संध्याकाळी पाचपर्यंत सगळं छान चालतं. त्यानंतर मात्र बिस्किटांचा अख्खा पुडा संपतो, सोबत मोठा कप कॉफी. अपराधी वाटतं म्हणून रात्री जेवत नाही. झोपायला एक वाजतो आणि सहाला उठावंच लागतं. वजन तसूभरही हललेलं नाही. माझा मनावर ताबाच नाही का? – एक नोकरदार वाचक

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुम्ही स्वतःला ज्याचा दोष देताय त्यात तुमचा दोष नाही. पाच वाजता तुम्हाला लागते ती खरी भूक आहे. सकाळपासून तुमच्या पोटात काय गेलं ते बघा: मधाचं पाणी, एक फळ आणि पानं, काकडी, टोमॅटो. यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, स्निग्ध पदार्थ नाहीत आणि एकूण अन्नही फार कमी आहे. शरीर पाचपर्यंत थांबलं हेच पुष्कळ झालं.

दुसरी बाजू झोपेची. एक ते सहा म्हणजे पाच तास, तेही रोज. 2004 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना लागोपाठ दोन रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं आणि वेगळ्या दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आढळलं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त. त्यांना ओढ कशाची वाटत होती? गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. म्हणजे तुमच्या बिस्किटांची. अभ्यास छोटा होता, पण अपुऱ्या झोपेनंतर माणसं जास्त खातात हे पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसलं आहे.

त्यात पाच वाजताची कॉफी. रक्तातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहा वाजता त्या कपातलं निम्मं कॅफिन अजून तुमच्या अंगात असतं. झोप लांबते, सकाळी जीव मरगळलेला असतो, दिवस कसाबसा ढकलला जातो आणि पाचला पुन्हा कॉफी लागते.

म्हणून बिस्किटं सोडायची शपथ आत्ता घेऊ नका. बदल दुपारपासून करा. सॅलड राहू द्या, पण त्यात वाटीभर उकडलेले हरभरे किंवा राजमा घाला, किंवा दोन अंडी. वरून थोडं तेल किंवा मूठभर दाणे आणि सोबत एखादं अख्खं धान्य. दुपारी चारला, भूक डोक्यात जायच्या आधी, वाटीभर दही आणि एक फळ खा. हे खाणं ठरलेलं असू दे. भूक आहे का नाही, हे तेव्हा तपासत बसू नका. कॉफी दुपारच्या जेवणाआधी संपवा. रात्रीचं जेवण टाळू नका. हलकं आणि लवकर जेवा, पण जेवा. झोपेची वेळ एकदम दहावर आणायला जाऊ नका. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं अलीकडे घ्या, तेवढं टिकतं.

मधाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस यांना वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते आणि ही सगळी साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, असं सांगते. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. चमचाभर मधानं काही बिघडत नाही, पण त्यानं वजनही उतरत नाही. आवडत असेल तर घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

वजनकाटा महिनाभर बाजूला ठेवा. त्याऐवजी रोज संध्याकाळी पाचला भूक कितपत आहे, याला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्या आणि आदल्या रात्रीच्या झोपेचे तास शेजारी लिहा. ती वही मला पाठवलीत तर मी नक्की वाचेन.

प्रश्न: मी वसतिगृहात राहते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. पालेभाज्या, कडधान्यं खाते, तरी दम लागतो. गोळी नाश्त्यानंतर चहासोबत घेते, म्हणजे विसरत नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर: गोळी न विसरण्यासाठी तू चहाची वेळ धरलीस, ही युक्ती चांगली आहे. फक्त चहाऐवजी दुसरं काहीतरी शोधायला हवं. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक वनस्पतींमधल्या आणि गोळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट शोषलं जात नाही. गोळी किंवा जेवण आणि चहा यांत निदान एक-दोन तास जाऊ देत. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीपासून लांब ठेव. याउलट क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं. म्हणून कडधान्यांवर लिंबू पिळ, जेवणासोबत संत्रं किंवा पेरू खा, कच्ची ढोबळी मिरची चिरून घे. कडधान्यं रात्रभर भिजवून मोड आणलेस तर त्यातलं, लोहाला अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह अधिक मोकळं मिळतं. खोलीत एक वाटी आणि एक ओला रुमाल असला की एवढं जमतं. गोळीनं पोट बिघडत असेल तर ती मनानं बंद करू नकोस. डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलून देतात.

पण याहून महत्त्वाचं म्हणजे लोह कमी का झालं हे डॉक्टरांना विचार. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे तू लिहिलेलं नाहीस. मुली हे सांगायला संकोचतात आणि वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात. आणि तू अंडी, दूध, मांस यांतलं काहीच घेत नसशील तर ब-12 ची तपासणीही करून घे. ते पालेभाजीतून मिळत नाही, कितीही खाल्लीस तरी.

प्रश्न: माझे वडील 72 वर्षांचे आहेत. वर्षभरापूर्वी आई गेली. तेव्हापासून ते रात्री वाटीभर भाज्यांचं सूप घेतात, बाकी काही नको म्हणतात. ‘या वयात हलकंच खावं’ असं त्यांचं म्हणणं. कपडे सैल झालेत. त्यांना कोणतं टॉनिक द्यावं? – एक काळजीत असलेला मुलगा

उत्तर: टॉनिकची बाटली आणण्याआधी एक साधी गोष्ट बघा. पाठ सरळ असलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत त्यांना बसवा, हात छातीवर घ्यायला सांगा आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. पाच वेळा उठ-बस जमते का? की पहिल्याच वेळी हात आपोआप मांडीकडे किंवा जवळच्या टेबलाकडे जातो? पुढे झुकून, अंगाला हेलकावा देऊन उठावं लागतं का? मांडीचे स्नायू किती झिजलेत याचा अंदाज एवढ्यातून येतो. वय झालं की स्नायू आपसूक कमी होतात, त्यात कमी खाणं आणि कमी हालचाल यांची भर पडली तर ते झपाट्यानं जातात आणि माणूस पडायला लागतो.

‘या वयात हलकं’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे आणि तिनं नुकसान होतं, हे मी स्पष्टच लिहिते. उष्मांक थोडे कमी लागतात हे खरं, पण प्रथिनं कमी नाही, उलट जास्त लागतात. तरुण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.8 ग्रॅम पुरतात, तर 65 वर्षांपुढच्या निरोगी माणसासाठी 1 ते 1.2 ग्रॅम सुचवलं जातं. वडील 60 किलोंचे असतील तर दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. भाज्यांच्या वाटीभर सुपात त्यातले दोन-तीन ग्रॅमही मुश्किलीनं असतात. त्याच सुपात मसूर शिजवून घोटले तर चित्र बदलतं: कपभर शिजवलेल्या मसुरात साधारण 18 ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यात 6, पेलाभर दुधात 8. चव आणि वाटी त्यांच्या सवयीचीच ठेवा, आतला ऐवज वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे लागू होत नाहीत. आधी डॉक्टरांशी बोला.

तोंडात डोकावून बघा, हेही सांगते. कवळी सैल झाली असेल, हिरडी दुखत असेल, तर माणूस ‘भूक नाही’ म्हणतो आणि सूप मागतो. काही औषधांनी तोंडाची चव जाते. वर्षभरात कपडे सैल होण्याइतकं वजन उतरलं असेल तर थायरॉइड, मधुमेह आणि इतर कारणं तपासून घ्यायलाच हवीत. ते दुःखामुळेच असेल असं धरून चालू नका.

आणि दुःख असेलही. इतकी वर्षं ज्या माणसासोबत ते जेवले ते माणूस आता समोर नाही. एकट्यानं जेवणारा माणूस वाढून घेतानाच कमी घेतो, अर्धं झालं की उठतो. तुम्ही त्यांच्यासोबत राहता का, हे पत्रावरून कळत नाही. राहत असाल तर रात्रीच्या जेवणाला त्यांच्या शेजारी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ‘खा, खा’ असा आग्रह न करता स्वतः जेवा. लांब असाल तर त्यांच्या वयाचा एखादा मित्र आठवड्यातून दोनदा जेवायला येईल असं बघा. मुख्य जेवण रात्री हवंच असं नाही, दुपारी भूक बरी असेल तर तेव्हा भरपूर वाढा. खुर्चीतून उठायचा तो प्रकार रोज सकाळ-संध्याकाळ, जमेल तितक्या वेळा, व्यायाम म्हणून चालू ठेवा. प्रथिनांना स्नायूंपर्यंत पोचायला हालचालीचं निमित्त लागतं. त्यांना कशातच रस उरला नसेल, झोप उडाली असेल, ‘आता कशाला’ असं वारंवार म्हणत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा. त्यावर उपचार आहेत.

प्रश्न: थायरॉइडची गोळी चालू आहे. सकाळी गोळीबरोबरच शरीरशुद्धीचा हिरवा रस आणि हिरव्या चहाच्या अर्काची कॅप्सूल घेते. चालेल ना? – एक गृहिणी

उत्तर: नाही. थायरॉइडची गोळी फक्त पाण्यासोबत, रिकाम्या पोटी घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. शरीरशुद्धीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करत असतात. त्यांना रसाची गरज नाही. भाज्या चावून खा, म्हणजे तंतू वाया जाणार नाहीत.

कॅप्सूल मात्र आजच थांबवा. कपातला हिरवा चहा आणि त्याचा दाट अर्क यांत मोठा फरक आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली सांगितलं की या अर्कातला ईजीसीजी हा घटक दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेला तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात. नैसर्गिक असा शिक्का असला तरी ही कॅप्सूल तुमच्या डॉक्टरांच्या औषधयादीत लिहिलेली असायला हवी.

प्रश्न: रक्तदाब थोडा वाढलाय, 142/90 च्या आसपास. रोज ध्यान आणि संथ श्वसन सुरू केलंय, खूप शांत वाटतं. आता मिठाचं पथ्य पाळायची गरज आहे का? – निवृत्त शिक्षक

उत्तर: सर, ध्यान अजिबात सोडू नका. मन शांत झालं की झोप सुधारते, जेवण सावकाश होतं आणि या सगळ्याचा रक्तदाबाला हातभार लागतो. पण मिठाची जागा ध्यान घेऊ शकत नाही. दोन्ही एकाच दिवसात बसवता येतात. प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी, आणि त्यात पाव, चीज, सॉस, पाकीटबंद सूप आणि खारे पदार्थ यांतलं मीठही धरायचं. स्वयंपाकातलं मीठ माणूस मोजतो, हे पाकिटातलं मोजत नाही.

पाकिटाच्या मागे बहुधा मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणा. 100 ग्रॅममध्ये 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. कमी सोडियमचं मीठ वापरायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. औषध सुरू झालं असेल तर शांत वाटतंय म्हणून ते बंद करू नका. आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर, रक्तदाब मोजून तारखेसह लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.