गावच्या देवळाबाहेर लढणारी माणसं कोरलेले दगड असतात, त्यांत एवढं पाहण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की आजोळी भैरोबाच्या देवळाबाहेर चार-पाच कोरीव दगड भिंतीला टेकवून ठेवलेत, गावकरी त्यांना ‘वीर’ म्हणून शेंदूर लावतात, आणि काही लोक रविवारचे रविवार असले दगड बघत का हिंडतात ते तुम्हाला कळत नाही. त्या हिंडणाऱ्यांपैकी मी एक. नोकरी हिशेबाची, इतिहासाची पदवी नाही, पण गेली बारा वर्षं सुट्टी मिळाली की मी हेच करतो.

वर्णनावरून हे वीरगळ आहेत. शब्द कानडीतून आला: कल्लु म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला. आपल्याकडचे चांगले वीरगळ बरेचसे शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या काळातले, ढोबळ मानाने दहाव्या ते तेराव्या शतकातले. प्रथा पुढेही चालू राहिली. पण देवळापाशी ‘शिवकालीन’ अशी पाटी दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका, दगड त्याहून चार-पाचशे वर्षं जुना असू शकतो.

आता मुद्द्याचं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. उभं राहून पाहिलं की नजर आधी वरच्या चौकटीवर जाते, तिथे शिवलिंग दिसतं, आपण हात जोडतो आणि पुढे जातो. मीही सुरुवातीला तेच करायचो. गोष्ट मात्र तळापासून सुरू होते. सगळ्यात खाली वीर कसा मेला ते. त्याच्या वर कधी लढाईची आणखी एक चौकट. मग अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, पलीकडे पूजा करणारा पुरोहित. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. कर्नाटकातल्या कित्येक वीरगळांवर एक श्लोक कोरलेला सापडतो: ‘जितेन लभ्यते लक्ष्मी, मृतेनापि सुरांगना’. जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. त्या मधल्या चौकटीचा अर्थ तोच.

शंभर दगड पाहिलेत की लक्षात येतं, वरच्या चौकटी सगळ्यांना जवळपास सारख्याच. त्याच अप्सरा, तेच लिंग, तोच नमस्कार. माणूस सापडतो तो खालच्या चौकटीत. तो कशापायी मेला हे तिथेच सांगितलेलं असतं, आणि पाथरवटाने सगळा जीवही तिथेच ओतलेला असतो.

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात देवळामागे कंबरेएवढा एक दगड आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो अगदी साधा वाटला. झिजलेला, एका कोपऱ्याला टवका उडालेला. दुसऱ्यांदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेलो. ऊन आडवं झालं होतं आणि तळाच्या चौकटीत अचानक गाई उभ्या राहिल्या. पाच गाई, एकीआड एक, शिंगं एकात एक अडकल्यासारखी. चौघींची तोंडं पुढे. पाचवी मात्र मान वळवून मागे बघतेय आणि तिच्या पायाशी तो पडलाय, आडवा, केसांचा बुचडा एका बाजूला, हातात अजून ढाल. बोटभर जागेत कोरलेली ती मागे वळलेली मान बघून मी तिथेच मांडी घालून बसलो. ऊन गेलं तशी ती पुन्हा दगडात विरली.

गाई म्हणजे त्या काळचं धन. शेजारच्या गावाने नाहीतर दरोडेखोरांनी गुरं पळवली की गावातला कुणी तरी पाठलाग करायचा, गुरं परत यायची, कधी माणूस यायचा नाही. असा गुरांसाठी मेलेल्याचा वीरगळ देशावर पुष्कळ ठिकाणी दिसतो. पुरंदरच्या त्या माणसाचं नाव कुठेही नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसतं. ताम्रपट राजांचे, दानलेख प्रधानांचे, आणि या माणसाची सगळी नोंद म्हणजे पाच गाई. मला हे फार मोठं वाटतं.

तळाची चौकट काय काय सांगते याची दोन उदाहरणं देतो.

बोरिवली पश्चिमेला एकसरचे वीरगळ आहेत, चांगले माणसापेक्षा उंच. तिथे खाली गाई नाहीत, जहाजं आहेत. उंच डोलकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा, वर धनुष्यबाण घेतलेले सैनिक. समुद्रावरची लढाई इतकी सविस्तर कोरलेली आपल्याकडे विरळाच. हे दृश्य 1265 च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव आणि शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या लढाईचं आहे असं पुष्कळ अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो. काहींच्या मते दगड त्याआधीचे आहेत. लढाई कुठलीही असो, मुंबईत राहणाऱ्याने लोकलने जाऊन ती वल्ही एकदा बघावीत.

दुसरं उदाहरण कर्नाटकातलं, मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचं, इसवी सन 949-50 चं. आता तो दगड बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्यावर राष्ट्रकूट घराण्याच्या तिसऱ्या कृष्णाने तमिळनाडूतल्या तक्कोलमला चोळांवर मिळवलेल्या विजयाची हकीकत आहे. पण कोरलंय काय? एक कुत्रा आणि एक रानडुक्कर, एकमेकांना भिडलेले. कृष्णाचा मांडलिक असलेला गंग राजा बूतुग त्या युद्धातल्या पराक्रमासाठी मणलेर नावाच्या आपल्या वीरावर खूश झाला, काय हवं ते माग म्हणाला. त्याने राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे ती एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेले. मणलेरने तिच्यासाठी हा दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन दिली, आणि पुजाऱ्याने या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये असं लिहून ठेवलं. सम्राटाचा विजय अक्षरांत आणि चित्रात काळी. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तुमच्या त्या चार-पाच दगडांत एखाद्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. गाढव आणि बाई कोरलेली असेल तर तो गद्धेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख अशाच दगडावर आहे.

पाहायचं कसं? सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर जा. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. ढगाळ दिवस असेल तर मोबाईलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, बाजूने धरा, समोरून नको. फार तर साध्या पाण्याने फडकं ओलं करून हलकेच फिरवा. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. शेंदूर खरवडायचा नाही. तो लोकांचा देव आहे, आणि देव झाला म्हणूनच तो दगड आजवर टिकला. पुष्कळ दगड घरच्या पायरीत आणि कपडे धुवायला गेले.

एकदम खूप वीरगळ बघायचे असतील तर वाई तालुक्यातल्या किकलीला जा. चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी भैरवनाथाचं देऊळ आहे, आवारात वीरगळांची रांगच आहे. बारामतीकडचं लोणी भापकरही चुकवू नका.

एक गोष्ट मनात खुपते ती सांगतो. एका गावात जीर्णोद्धार झाला, चांगल्या भावनेने सगळे वीरगळ नव्या चौथऱ्यावर ओळीने उभे केले आणि पडू नयेत म्हणून तळाला हात-दीड हात सिमेंट ओतलं. वरचा नमस्कार दिसतो, अप्सरा दिसतात. खालची चौकट सिमेंटात गेली. त्यातल्या एका दगडावर तळाला वाघाशी झुंजणारा माणूस होता, माझ्याकडे त्याचा फक्त जुना धूसर फोटो आहे. तुमच्या आजोळी असं काही ठरत असेल तर काम सुरू होण्याआधी गावकऱ्यांशी बोला. दगड बाजूच्या आधाराने उभा राहतो, तळ झाकावा लागत नाही. आणि आधीच मातीत रुतलेला असेल तर स्वतः खणू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा.

पुढच्या वेळी गेलात की खाली बसून फोटो काढा आणि इथे टाका. वरचा भाग कापला गेला तरी चालेल. तळाशी गाई आहेत, वाघ आहे की आणखी काही, ते आपण मिळून बघू.