गाडी पाठवायच्या आधी लॅबला फोन कर

अगं,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, उत्तराला उशीर झाला कारण ठरत नव्हतं की नुसतं "छान, कर" म्हणून सोडून द्यायचं की खरं काय ते सांगायचं. खरंच सांगतो. लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला कंपनीतर्फे हातभार लावायचाय, यंदा हातात कॅश नाहीये, पण भिवंडीचं गोडाऊन आहे, रीफर म्हणजे थंड माल नेणाऱ्या गाड्या आहेत, माणसं आहेत, तर पैशाऐवजी वस्तू नाहीतर सेवा दिली तर चालेल का, असं विचारतेस. चालेल की. फक्त मी केलं तसं करू नकोस.

पॅकिंगच्या धंद्यात होतो तेव्हा एका दिवाळीला टेम्पोभर टेडी आणि बिस्किटं घेऊन मी एका हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिलो, कुणाला न विचारता. तिथल्या सिस्टरनी बसवलं, पाणी दिलं आणि मग हळूच सांगितलं की केमोने या पोरांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आलेल्या असतात, इन्फेक्शन पटकन होतं, असली धूळ धरणारी खेळणी वॉर्डात घेता येत नाहीत. बिस्किटांची एक्सपायरी पुढच्याच महिन्यातली होती, ते तर मी बघितलंही नव्हतं. टेम्पो तसाच परत. ती अस्वलं पुढे कित्येक महिने गोडाऊनच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती.

संशोधन म्हटलं की आपल्याला मायक्रोस्कोप दिसतो. पण या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन म्हणजे शेकडो मुलांना ठरलेल्या एकाच पद्धतीने उपचार द्यायचे आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं. मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंदीगड, चेन्नई इथल्या हॉस्पिटलांनी मिळून आयसिकल नावाची ट्रायल, म्हणजे उपचारांची चाचणी, केली ती अशीच, रक्ताच्या कॅन्सरची. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल, त्याची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. आता विदर्भातलं किंवा बिहारमधलं कुटुंब मुंबईत एवढे दिवस राहणार कुठे? परळला टाटासमोरच्या फूटपाथवर झोपलेली माणसं तूही बघितली असशील. कंटाळून, कर्ज काढून काढून ते मधेच गावी निघून गेले की आधी पोराचे उपचार तुटतात आणि मागाहून अभ्यासातली त्याची नोंदही अर्धवट राहते. म्हणून खोली, रेशन, परतीचं तिकीट यालाही मी संशोधनाचीच मदत म्हणतो, कुणी हसलं तर हसू दे. सेंट ज्यूड इंडिया २००६ पासून अशा कुटुंबांना फुकट राहायला देतंय, कडल्स फाउंडेशन पोरांच्या खाण्याचं बघतं. त्यांना आधी विचार, या महिन्यात काय कमी पडतंय.

आणि तुझ्या गाड्या. त्या पेशंटची सॅम्पलं लॅबला पोचवायला देता येतील, पण इथे जरा जपून हं, आधी लॅबला फोन करून काय लागतं ते विचार. इंडक्शन, म्हणजे उपचाराचा पहिला टप्पा, संपला की बोन मॅरोचं, म्हणजे हाडातल्या मगजाचं, सॅम्पल घेऊन एमआरडी टेस्ट करतात, हजारो पेशींत कॅन्सरची एखादी उरलीय का ते शोधायला. त्यासाठी पेशी जिवंत लागतात. म्हणजे सॅम्पल लवकर पोचलं पाहिजे आणि गोठता कामा नये, उणे वीसची गाडी मोठ्या मनाने पाठवलीस तर सगळं वाया! याउलट काही सॅम्पलं ड्राय आइसमध्येच (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) जातात, उणे ७८ला, आणि तो डबा हवाबंद केला तर आतल्या गॅसने फुटू शकतो. वर तीन थरांचं पॅकिंग लागतं. हे तुझ्या ड्रायव्हरला शिकवावं लागेल, आणि असली सेवा एक दिवस देऊन उपयोग नसतो, दोन वर्षं जमत असेल तरच तोंडातून शब्द काढ, कारण सोमवारी आलेली गाडी गुरुवारी आली नाही तर लॅबचं जास्त नुकसान.

आणखी एक, तुमच्याकडे तो एक्सेलवाला मुलगा आहे ना, त्याचे आठवड्याचे चार तास दे. डेटा एन्ट्रीला माणूस मिळत नाही ही रडकथा सगळीकडे आहे. पेशंटची नावं बाहेर जाणार नाहीत असं मात्र आधी लिहून दे. तसंच संमतीचे फॉर्म. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते, १२च्या पुढे लेखी, तर ते साध्या मराठी-हिंदीत लिहून छापून देणं हेही दानच. तुझा प्रिंटिंगवाला मावसभाऊ काय करतो सध्या?

सीएला आधी विचार. देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट (८०जी म्हणतात ती) पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही. फुकट दिलेल्या मालाचं जीएसटी इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही, मिळत नाही. तुझी कंपनी सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना समाजकार्यावर करावाच लागणाऱ्या खर्चाच्या, मर्यादेत येत नाही म्हणून बरं, कारण वस्तूंची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे कागदावर तुला फार काही मिळणार नाही, हे माहीत असूनच उतर.

औषधं मात्र स्वतःहून गोळा करू नकोस, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी. पोचल्यावर निदान वर्षभर एक्सपायरी बाकी हवी असं डब्ल्यूएचओ सांगतं, आणि स्वस्तात मिळणारा माल बहुतेक वेळा संपत आलेलाच असतो.

पहिल्या भेटीला प्रेझेंटेशन नेऊ नकोस, वही ने. आणि गाडीवर बॅनर लावून फोटो काढायचे असतील तर आधी मला विचार, म्हणजे मला "नाही" म्हणता येईल.

तुझा,
काका