वाचक विचारतात : नुसते ओठ हलवले तर चालेल का?

प्रश्न : मी ५२ वर्षांची, नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षभरापासून वर्शिप टीम आलीये, कीबोर्ड, गिटार, ड्रम, भिंतीवर स्क्रीन सगळं. पोरं छान गातात, तक्रार नाही. पण माझा आवाज पहिल्यापासून भसाडा. मध्यंतरी माझी मुलगीच कानात म्हणाली, आई जरा हळू गा ना, लोक बघतायत. तेव्हापासून मी नुसते ओठ हलवते. शाळेतपण प्रार्थनेला बाईंनी मला हेच सांगितलं होतं. देवाला तर मन कळतं, मग मोठ्यानं गायलंच पाहिजे का?
– एक ताई

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. देवाला मन कळतं, मान्य. पण शेजारी बसलेल्या बाईला तुमचं मन कसं कळणार? आणि उपासनेतलं गाणं निम्मं तिच्यासाठीच असतं. बायबलमध्ये प्रेषित पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलं ना, की स्तोत्रं नि गीतं एकमेकांना म्हणून दाखवा, आणि मनापासून प्रभूला गा. दोन्ही एका दमात सांगितलंय. आपण मात्र दुसरं धरून ठेवलं आणि पहिलं टीमला देऊन टाकलं.

एक घरचं सांगते. माझे वडील गेले तेव्हा चर्चमध्ये त्यांच्या आवडीचं भजन घेतलं होतं, मला पाठ होतं, लहानपणापासून रोज संध्याकाळी घरात म्हटलेलं. पहिलं कडवं कसंबसं म्हटलं आणि दुसऱ्याला माझा गळाच बंद झाला, आईचाही. पण भजन थांबलं नाही. मागच्या दोन-तीन बाकांवरून लोक म्हणत राहिले आणि त्यात एक आवाज सगळ्यांत वर होता, आमच्या एका काकांचा, जे आयुष्यात कधी सुरात गायले नाहीत आणि शिवाय सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे असायचे. त्या दिवशी मला तोच आवाज पुरला. माझ्या वाटणीचं कडवं त्यांनी म्हटलं असं मी आजही धरून चालते. ते जर लाजून नुसते ओठ हलवत बसले असते तर?

तुमचा प्रश्न तसा फार जुना आहे बरं का. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेनं नियमच केला होता की नेमलेल्या गायकांशिवाय कोणी चर्चमध्ये गाऊ नये. पुढे पश्चिमेकडे कितीतरी शतकं मंडळी बहुतेक ऐकायलाच होती, गाणं क्वायरचं, तेही लॅटिनमध्ये. मग १५२४ साली जर्मनीत आठ गीतांचं एक छोटंसं पुस्तक निघालं, त्यातली चार धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची, लोकांच्या भाषेत, आणि साधी माणसं गायला लागली.

आपल्याकडे हे काम केलं कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. त्याआधी मिशनरी लोकांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली गीतं बरीच होती, आणि ती म्हणताना मराठी शब्दाची पार ओढाताण व्हायची, ऱ्हस्व कुठे दीर्घ कुठे काही मेळ नाही. टिळक कोकणातले, ओवी-अभंगात वाढलेले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नंतर कितीतरी वर्षं नगरलाच होते, आणि भजनं लिहिली ती आपल्या माणसाच्या तोंडात बसतील अशी. आज आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात त्यांची किती आहेत बघा. भजनाची गंमत अशी की एकजण कडवं सांगतो आणि ध्रुपद सगळे उचलतात, ते परत परत येतं, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या खेपेला सामील. माझी आजी अंगठेबहाद्दर होती पण शंभरेक गीतं तिला तोंडपाठ. तिचं बायबल म्हणजे तीच गीतं होती म्हणा ना.

आता तुमच्या आवाजाचं. मला शंका आहे की दोष आवाजाचा नाहीच, पट्टीचा आहे. टीममधला मुख्य गाणारा वीस-बावीस वर्षांचा असतो, तो त्याच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, आणि पन्नाशीच्या बाईला वरच्या सुरावर किंचाळावं लागतं नाहीतर एकदम खाली घसरावं लागतं, मग मुलगी म्हणणारच की हळू गा. पाळकसाहेबांना सांगून बघा, पट्टी थोडी उतरवा, आणि शेवटचं कडवं सगळी वाद्यं बंद करून, माइकसुद्धा बंद करून घ्या. एकदाच करून बघा म्हणावं. स्वतःचा आवाज हॉलमध्ये ऐकून मंडळी आधी दचकेल, मग आवाज चढेल. मी ड्रमच्या विरोधात नाही हो, पण शेजारचा माणूस ऐकू येत नसेल तर आपण एकत्र गातोय कशाला, घरी मोबाइलवर लावलं तरी चाललं असतं.

स्वीडनमध्ये २०१३ साली क्वायरमधल्या मुलांवर प्रयोग झाला होता, एकत्र गाताना त्यांच्या हृदयाचे ठोकेही बरोबरीनं कमी-जास्त होत होते, कारण ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात. श्वास घ्यायला सूर लागत नाही, ताई. नुसते ओठ हलवणारा मात्र त्यात नसतो.

मुलीवर रागवू नका. तिला शेजारी बसवा आणि पुस्तक दोघींत एकच धरा.

प्रश्न : भजनाला टाळ्या वाजवाव्यात का? आमच्याकडे यावरून दोन गट पडलेत.
– एक तरुण वाचक

उत्तर : बायबलमधल्या सत्तेचाळिसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ दोन्ही गटांनी मिळून वाचा, तिथे टाळ्या वाजवायलाच सांगितलंय. आणि वाजवणारच असाल तर तबल्याकडे लक्ष ठेवा, आमच्याकडे टाळ्यांमुळे लय इतकी पळते की म्हाताऱ्या माणसांचं कडवं अर्ध्यावरच राहतं.