कार्यक्रम फसला, की पोहोचलाच नाही?

प्रश्न : आमची संस्था वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळांमध्ये जादा तासिका चालवते. मासिक अहवालांत शिक्षकांची प्रशिक्षणे, पुस्तकवाटप, पालकसभा अशी सर्व उद्दिष्टे पूर्ण झालेली दिसतात. तरीही बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या मूल्यमापनात मुलांच्या वाचनात फरक आढळला नाही. निधी देणारी संस्था आता म्हणते की कल्पनाच चुकीची आहे, कार्यक्रम बंद करा. आम्ही आमचे अहवाल चुकीचे मानावेत की मूल्यमापन?
– एक कार्यक्रम समन्वयक

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतात. आपले अहवाल संस्थेने काय केले ते मोजतात आणि मूल्यमापन मुलांना काय आले ते मोजते. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे तासिका प्रत्यक्षात किती वेळा भरली, ज्यांच्यासाठी ती योजली होती तीच मुले तिला बसली का आणि प्रशिक्षणात शिकवलेली पद्धत शिक्षकांनी वर्गात वापरली का, याची नोंद आपण पाठवलेल्या माहितीत कुठेच नाही. ती नोंद हाती येईपर्यंत कल्पना चुकली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, आणि त्या निष्कर्षावरून कार्यक्रम बंद करणे हे त्या मुलांवर अन्याय करणारे ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॅरल वाइस यांनी १९७०च्या दशकातच हा फरक ठळकपणे मांडला होता. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे राबवला गेला नाही म्हणून परिणाम दिसला नाही, हे एक अपयश. नीट राबवूनही अपेक्षित परिणाम झाला नाही, हे दुसरे. पहिल्यात अंमलबजावणी सुधारावी लागते, दुसऱ्यात मूळ विचार तपासावा लागतो. शेवटच्या चाचणीचे गुण मात्र दोन्हींत सारखेच दिसतात.

अंमलबजावणीने किती फरक पडतो, याचे एक बोलके उदाहरण वर्गातील पटसंख्येचे आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांमध्ये एक प्रयोग झाला. त्यात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक पद्धतीने केली होती आणि १३ ते १७ मुलांच्या वर्गांतील मुले २२ ते २५ मुलांच्या वर्गांतील मुलांपेक्षा वाचनात व गणितात पुढे राहिली. पुढे १९९६मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग २० मुलांपर्यंत आणण्याची योजना घाईने लागू केली. एकाच वेळी हजारो नवे शिक्षक लागले, पूर्ण पात्रता नसलेल्यांना नेमावे लागले, वर्गखोल्या अपुऱ्या पडल्या, आणि या उणिवांचा सर्वांत मोठा भार गरीब वस्त्यांतील शाळांवर पडला. चाचण्यांतील गुण वाढले, पण ती वाढ या योजनेमुळेच झाली असे तेथील मूल्यमापनकर्त्यांना खात्रीने सांगता आले नाही.

आपल्या कार्यक्रमात आधी मिनिटांचा हिशेब करा. समजा, आठवड्यात ५ दिवस ४० मिनिटांची तासिका ठरली होती, म्हणजे २०० मिनिटे. ती प्रत्यक्षात ३ दिवस आणि दर वेळी २५ मिनिटेच चालली, तर मुलाच्या वाट्याला ७५ मिनिटे आली; ठरलेल्या वेळेच्या निम्मीही नाहीत. त्यात ते मूल निम्म्या दिवशी गैरहजर असेल, तर जे कधी दिले गेलेच नाही त्याचाच परिणाम आपण शोधत आहोत. त्यासाठी काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा, तेथे पूर्वसूचना न देता जा, तासिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा, मुलांच्या वह्या चाळा आणि मुलांशी बोला. एखाद्या शिक्षकाने पद्धतीत बदल केलेला आढळला, तर तो लगेच दोष म्हणून नोंदवू नका, कारण विचारा. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसवावी लागल्याने केलेला बदल कधीकधी मूळ आराखड्यापेक्षा शहाणपणाचा असतो.

ज्या शाळांत तासिका नियमित झाल्या, तेथील मुले पुढे दिसली तरी तेवढ्यावरून कार्यक्रम यशस्वी ठरवू नका. तासिका नियमित घेणारी शाळा बहुधा इतर बाबतींतही नीट चालणारी असते. त्यामुळे सुरुवातीच्या पायाभूत चाचणीपासून झालेली प्रगती पाहा आणि कार्यक्रम नसलेल्या, पण तशाच नीट चालणाऱ्या शाळांशी तुलना करा. मूल्यमापनकर्त्यांनाही एक प्रश्न जरूर विचारा : किती लहान फरक पकडता येईल एवढा नमुना, म्हणजे चाचणीसाठी निवडलेल्या मुलांचा गट, घेतला होता? नमुना लहान असेल, तर फरक आढळला नाही याचा अर्थ फरक पडला नाही असा होत नाही.

प्रश्न : आमच्या क्षेत्र कार्यकर्त्यांना दरमहा साठहून अधिक रकान्यांचा तक्ता भरावा लागतो. निर्देशक, म्हणजे कामाची स्थिती दाखवणारे आकडे, किती असावेत?
– एक पर्यवेक्षिका

उत्तर : ठरावीक संख्या नाही. प्रत्येक रकान्यासमोर लिहा, गेल्या सहा महिन्यांत या आकड्यावरून कोणी कोणता निर्णय घेतला. उत्तर रिकामे राहील ते रकाने काढून टाका. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेले तेवढे ठेवा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, एखाद्या आकड्यावर निर्णय जितके अधिक अवलंबून ठेवावेत तितका तो आकडा बिघडण्याचा दबाव वाढतो. कार्यकर्तीची वेतनवाढ तिनेच भरलेल्या तक्त्यावर ठरत असेल, तर तो तक्ता नेहमी पूर्णच दिसेल. म्हणून थोड्या नोंदींची पडताळणी दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्या, आणि अडचण प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कार्यकर्तीला त्या नोंदीबद्दल शिक्षा होणार नाही, हे लेखी कळवा. महिन्याच्या बैठकीत त्या अडचणींची चर्चा सर्वांत आधी घ्या; आकड्यांचे वाचन नंतर होऊ शकते.