वाचकांची विचारणा : ‘यू-७३’ आणि तिने पेरलेले सुरुंग

प्रश्न : पहिल्या महायुद्धात बुडालेले सर्वांत मोठे जहाज ‘ब्रिटानिक’ हे जर्मन पाणबुडीने बुडवले, असे एका पुस्तकात वाचले. दुसऱ्या एका लेखात ते सुरुंगामुळे बुडाले असे म्हटले आहे. यांतले खरे काय?

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. ‘ब्रिटानिक’ या ब्रिटिश रुग्णालय-जहाजाचा घात सुरुंगाने झाला आणि तो सुरुंग ‘यू-७३’ या जर्मन पाणबुडीने पेरलेला होता. मात्र २१ नोव्हेंबर १९१६ च्या सकाळी स्फोट झाला, तेव्हा ती पाणबुडी तिथे नव्हती. आपले काम उरकून ती तीन आठवड्यांहून अधिक काळापूर्वीच निघून गेली होती. अपघातानंतर जहाजावरच्या काही जणांनी आपल्याला टॉर्पेडो लागल्याचे सांगितले आणि त्यावरून वाद पुष्कळ वर्षे चालला. पुढे २००३ साली गोताखोरांच्या एका पथकाला त्याच भागात समुद्रतळाशी सुरुंगांचे नांगर सापडले. जर्मन नोंदींत लिहिलेल्या गोष्टीला त्यामुळे पुष्टी मिळाली.

पाणबुडी म्हटले की टॉर्पेडो मारणारी नौकाच आपल्या डोळ्यांपुढे येते. ‘यू-७३’ त्या जातीची नव्हती. डान्झिगच्या शाही गोदीत जून १९१५ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती नौदलात दाखल झाली. ‘यू-७१’ ते ‘यू-८०’ अशा एकाच नमुन्याच्या दहा पाणबुड्या बांधल्या गेल्या, त्यांतली ही एक. लांबी सुमारे ५७ मीटर, वजन पृष्ठभागावर सुमारे ७५० टन आणि वेग ताशी जेमतेम साडेदहा सागरी मैल. पुष्कळशी व्यापारी जहाजेसुद्धा तिच्यापेक्षा वेगाने जात, त्यामुळे पाठलाग करून शिकार साधणे तिला अवघडच होते. टॉर्पेडोच्या नळ्या होत्या दोनच. तिचे खरे शस्त्र होते पोटात साठवलेले ३४ सुरुंग.

प्रश्न : पाण्याखालच्या पाणबुडीतून सुरुंग बाहेर कसे टाकत असत? पाणी आत शिरत नसे का, आणि सुरुंग नेमक्या खोलीवर कसा राहत असे?

उत्तर : जर्मनांच्या सुरुंग पेरणाऱ्या पहिल्या लहान पाणबुड्यांमध्ये सुरुंग तिरप्या उभ्या विहिरींत ठेवलेले असत आणि या विहिरी पाण्याने भरलेल्या असत. तिथे पोचण्याची सोय नसल्यामुळे सुरुंग किती खोलीवर तरंगवायचा, हे बंदर सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागे. ‘यू-७३’च्या नमुन्यात ही अडचण दूर केली होती. तिचे सुरुंग मागच्या भागातील कोरड्या दालनात असत. तिथून ते दोन आडव्या नळ्यांमधून मागच्या बाजूने बाहेर सोडले जात. नळीला आतून आणि बाहेरून झडपा असत आणि त्यांतली एकच एका वेळी उघडली जाई, म्हणून पाणी आत शिरत नसे. कोरड्या दालनात खलाशांचा हात पोचत असल्यामुळे ऐनवेळी खोली बदलणेही शक्य होते. सुरुंग बाहेर पडला की पाणबुडी तेवढी हलकी होई. ती तूट पाण्याने लगोलग भरून काढली नाही, तर शेपटीकडचा भाग वर उचलला जाऊन सगळा तोल बिघडण्याचा धोका असे. प्रत्येक सुरुंगामागे हा हिशेब सांभाळावा लागे, तोही बहुधा शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी.

बाहेर पडलेला सुरुंग आपल्या जड नांगरासकट तळाशी जाई. ठरावीक वेळानंतर दोघांना जोडणारी कळ सुटे आणि नांगराला बांधलेली तार उलगडत हवेने हलका असलेला गोळा वर येई. पृष्ठभागाच्या काही मीटर खाली, म्हणजे मासेमारीच्या होडीचा तळ जिथे पोचत नाही पण मोठ्या जहाजाचा हमखास पोचतो, तिथे तो स्थिर होई. मधला वेळ पाणबुडीला दूर निघून जाण्यासाठी ठेवलेला असे.

गोळ्याच्या अंगावर बोटभर जाडीची शिंगे असत. शिंग मऊ शिशाचे आणि त्याच्या आत काचेची बंद नळी, नळीत आम्लयुक्त द्रव. जहाजाचा पत्रा शिंगाला घासला की शिसे वाकते, आतली काच फुटते आणि द्रव खालच्या जस्ताच्या व कोळशाच्या पट्ट्यांवर ओघळतो. त्या क्षणी एक छोटी विद्युतघटमाला तयार होऊन ठिणगी पडते. फुटेपर्यंत सुरुंगात विजेचा अंशही नसतो, त्यामुळे वीज संपून तो निकामी होईल ही आशाच नाही. तो महिनोन्‌महिने तसाच वाट पाहू शकतो. या साधेपणाची मला प्रत्येक वेळी भीती वाटते.

प्रश्न : ‘ब्रिटानिक’ सोडून या पाणबुडीने आणखी काही केले का?

उत्तर : पुष्कळ केले. बुडालेल्या जहाजांच्या महत्त्वाकडे पाहिले, तर इतकी कामगिरी फार थोड्या पाणबुड्यांच्या नावावर आहे.

गुस्ताव झीस या अधिकाऱ्याच्या हाताखाली ती एप्रिल १९१६ मध्ये जर्मनीहून निघाली. स्कॉटलंडला वळसा घालून, जिब्राल्टर ओलांडून एड्रियाटिकमधल्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कॅटारो बंदरात पोचायचे होते. वाटेत तिने लिस्बनसमोर सुरुंग टाकले; जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले ते ९ मार्चला, म्हणजे जेमतेम महिनाभरापूर्वी. पुढे ब्रिटिशांचा भूमध्य समुद्रातील मुख्य आरमारी तळ असलेल्या माल्टाच्या दाराशी तिने २२ सुरुंग पेरले. २७ एप्रिलला ‘रसेल’ ही ब्रिटिश युद्धनौका त्यांवर आदळली. ती सावकाश बुडाली म्हणून बहुतेक खलाशी वाचले, तरी २७ अधिकारी आणि ९८ खलाशी मृत्युमुखी पडले. त्याच सुरुंगांनी ‘नॅस्टर्शियम’ ही गस्ती नौका आणि ‘एगुसा’ ही सशस्त्र नौकाही घेतली. ‘एगुसा’ म्हणजे चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांची पूर्वीची खासगी विहारनौका. ही जहाजे बुडत होती तोवर ‘यू-७३’ एड्रियाटिकच्या वाटेला लागली होती आणि एप्रिल संपता संपता ती कॅटारोला पोचली.

ऑक्टोबर १९१६ च्या अखेरीस ती ग्रीसच्या किनाऱ्यावर गेली. अथेन्सच्या आग्नेयेला थोड्याच अंतरावर केआ आणि माक्रोनिसोस ही दोन बेटे आहेत. त्यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून उत्तर ग्रीसमधील सालोनिकाच्या युद्धआघाडीकडे आणि लेम्नोस बेटावरच्या मुद्रोस बंदराकडे जाणारी जहाजे सतत ये-जा करीत. सैन्य, दारूगोळा आणि जखमी, सगळ्यांची वाट एकच. झीसने तिथे सुरुंग टाकले. १४ नोव्हेंबरला त्यांवर ‘बुर्दिगाला’ हे सैनिकांची ने-आण करणारे फ्रेंच जहाज बुडाले. मूळचे ते ‘कैझर फ्रीड्रिश’ नावाचे जर्मन प्रवासी जहाज, आणि तेही डान्झिगलाच बांधलेले. एकाच गावच्या दोन गोदींतून अठरा वर्षांच्या अंतराने उतरलेली ही दोन जहाजे एजियन समुद्रात अशी सामोरी आली. आठवड्याने ‘ब्रिटानिक’ गेले आणि आणखी दोनच दिवसांनी ‘ब्रेमार कॅसल’ हे दुसरे रुग्णालय-जहाज याच पाणबुडीच्या सुरुंगाने जखमी झाले. सुदैवाने ते बुडाले नाही.

त्यानंतर सुएझ कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट सैदची पाळी आली. ४ जानेवारी १९१७ रोजी तिथे ‘पेरेस्व्येत’ ही रशियन युद्धनौका दोन सुरुंगांवर जाऊन बुडाली. या नौकेचे नशीब विलक्षण म्हणावे लागेल. रशिया-जपान युद्धातील पोर्ट आर्थरच्या वेढ्यात १९०४ साली ती बुडाली, जपान्यांनी तिला वर काढून ‘सागामी’ या नावाने आपल्या आरमारात घेतले आणि १९१६ मध्ये रशियाने ती पुन्हा विकत घेतली. मायदेशाच्या उत्तर किनाऱ्याकडे निघालेली ही नौका वाटेतच संपली.

दोन युद्धनौका, महायुद्धातले सर्वांत मोठे जहाज आणि एक मोठे सैनिकी जहाज ही या पाणबुडीच्या सुरुंगांची मुख्य शिकार, आणि यांतल्या एकाही घटनेच्या वेळी पाणबुडीवरच्या माणसांनी आपले भक्ष्य पाहिले नव्हते. सुरुंगाच्या युद्धात कोणता अपघात कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे युद्धानंतर दोन्ही बाजूंची कागदपत्रे शेजारी ठेवूनच ठरवावे लागले.

प्रश्न : ‘टायटॅनिक’ बुडायला अडीच तासांहून अधिक वेळ लागला. तिच्यानंतर अधिक काळजी घेऊन बांधलेले ‘ब्रिटानिक’ तासाभराच्या आत कसे बुडाले?

उत्तर : सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी स्फोट झाला आणि ९ वाजून ७ मिनिटांनी जहाज दिसेनासे झाले. पुढचे सहा कप्पे पाण्याने भरले तरी ते तरंगत राहील, अशी त्याची रचना होती. स्फोट उजव्या बाजूला, नाळेजवळ झाला. पण त्या धक्क्याने काही जलरोधक दारे नीट बंद झाली नाहीत. त्यातच वॉर्डांत हवा खेळती राहावी म्हणून खालच्या मजल्यांच्या पुष्कळ खिडक्या उघड्या होत्या. जहाज उजवीकडे कलू लागल्यावर त्या एकेक करून पाण्याखाली गेल्या, आणि सुरुंगाने जे केले नव्हते ते या खिडक्यांनी पुरे केले.

कप्तान चार्ल्स बार्टलेट यांनी जहाज केआच्या किनाऱ्यावर चढवण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी यंत्रे चालू ठेवावी लागली. त्यांच्या आज्ञेवाचून दोन जीवरक्षक होड्या डाव्या बाजूने खाली सोडल्या गेल्या आणि पाण्याबाहेर येऊ लागलेल्या फिरत्या पंख्याकडे ओढल्या जाऊन त्यांचे तुकडे झाले. मृत्यू पावलेल्या ३० जणांपैकी बरेच जण याच होड्यांमधले होते. व्हायोलेट जेसप ही ‘टायटॅनिक’मधून वाचलेली परिचारिका त्यांतल्या एका होडीत होती. तिने ऐनवेळी पाण्यात उडी घेतली, जहाजाच्या तळाला डोके आपटले आणि तरीही ती जगली. जहाज जखमींना घ्यायला मुद्रोसकडे निघालेले होते, म्हणून खाटा रिकाम्या होत्या. परतीच्या प्रवासात हजारो जखमी खाटांवर असताना हेच घडले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. जहाजावरची एक हजाराहून अधिक माणसे वाचली.

प्रश्न : रुग्णालय-जहाज बुडवणे हा युद्धगुन्हा नव्हता का?

उत्तर : १९०७ च्या हेग करारांनी रुग्णालय-जहाजांना संरक्षण दिले होते आणि ‘ब्रिटानिक’वर पांढरा रंग, हिरवा पट्टा व लाल क्रूस ठळकपणे रंगवलेले होते. परंतु सुरुंगाला यातले काही दिसत नाही. त्याच वर्षीच्या सुरुंगांविषयीच्या करारानुसार बंदरांसमोर निव्वळ व्यापारी वाहतूक रोखण्यासाठी सुरुंग टाकायला बंदी होती. शांततेने जाणाऱ्या जहाजांच्या सुरक्षेसाठी शक्य ती काळजी घ्यायची होती आणि लष्करी परिस्थितीने मुभा देताच धोक्याची क्षेत्रे जाहीर करायची होती. केआची सामुद्रधुनी सैन्याच्या वाहतुकीची वाट होती, त्यामुळे तिथे सुरुंग पेरणे या नियमांत बसवता येत होते. जून १९१८ मध्ये ‘यू-८६’ने ‘लँडोव्हरी कॅसल’ हे रुग्णालय-जहाज ओळखूनही टॉर्पेडोने बुडवले आणि जीवरक्षक होड्यांवर गोळ्या झाडल्या. त्याबद्दल १९२१ साली लाइपझिगच्या न्यायालयाने दोन अधिकाऱ्यांना शिक्षा केली. माझ्या मते या दोन घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. मात्र जे शस्त्र ओळख पटवूच शकत नाही ते अशा वाटेवर टाकताना कोणाचा बळी जाईल, याची कल्पना टाकणाऱ्यांना होती, हेही तितकेच खरे.

प्रश्न : भारताचे माजी सरसेनापती लॉर्ड किचनर यांचे जहाजही याच पाणबुडीने बुडवले का?

उत्तर : नाही. ते काम ‘यू-७५’ या तिच्या भगिनी पाणबुडीचे. तिचा कप्तान कुर्ट बाइत्झेन याने २९ मे १९१६ रोजी ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेला मारविक हेडजवळ सुरुंग पेरले. ५ जूनच्या वादळी संध्याकाळी रशियाला निघालेली ‘हॅम्पशायर’ त्यांवर गेली. किचनर यांच्यासह सातशेहून अधिक माणसे मेली, वाचले फक्त बारा खलाशी. ‘यू-७५’ स्वतः डिसेंबर १९१७ मध्ये सुरुंगानेच बुडाली.

प्रश्न : ‘यू-७३’चे आणि तिच्यावरील माणसांचे पुढे काय झाले?

उत्तर : झीसने पुढे दुसऱ्या पाणबुड्यांचे नेतृत्व केले आणि त्याला ‘पूर ल मेरीत’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. केआला सुरुंग टाकले गेले तेव्हा मार्टिन नीम्योलर हा तरुण अधिकारी या पाणबुडीवर होता. युद्धानंतर तो धर्मोपदेशक झाला, चर्चवरील नाझी नियंत्रणाला त्याने विरोध केला, १९३७ साली त्याला अटक झाली आणि १९४५ पर्यंत तो साक्सेनहाउझेन व डाखाउच्या छळछावण्यांत होता.

पाणबुडीचा शेवट मात्र लढाईत झाला नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळू लागले आणि जर्मन पाणबुड्यांना तिथले तळ सोडावे लागले. ज्या मायदेशाचा लांबचा प्रवास करू शकत होत्या त्या निघाल्या. ज्या करू शकत नव्हत्या त्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून नष्ट केल्या गेल्या. ‘यू-७३’ला ३० ऑक्टोबर १९१८ रोजी पोला बंदरात तिच्याच माणसांनी बुडवले.