तालुक्याला पुस्तकांचं दुकान उरलं नाही. मग पुस्तक काढायचं कोणासाठी?

तुम्ही लिहिता की पहिला कथासंग्रह तयार आहे, प्रकाशक छपाईचे पैसे मागतो आणि वाशीमकडच्या तुमच्या तालुक्यात कथा-कादंबरी ठेवणारं एकही दुकान शिल्लक नाही. छापू की नको? माझं म्हणणं, छापा. फक्त दुकानदार जे काम करायचा ते आता तुमच्या अंगावर येणार, हे धरून छापा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे निव्वळ साहित्याचं दुकान कधीच नव्हतं. होतं ते वह्या, कंपास आणि पाठ्यपुस्तकांचं. जूनमध्ये शाळा उघडल्या की तिथे पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्या कमाईच्या जिवावर मागच्या भिंतीला कथा-कादंबऱ्यांची एक फळी वर्षभर तग धरायची. खाली पोथ्या, व्रतकथा, पंचांग. दिवाळीत दोरीला लटकवलेले दिवाळी अंक. दुकानदार काकाजी स्वतः वाचायचे. कोणाला जंगलाच्या गोष्टी लागतात, कोणाला चरित्रं, त्यांना तोंडपाठ. एखादा नवखा लेखक असला तर त्याचं पुस्तक स्वतःहून पुढे सरकवत म्हणायचे, "हे नेऊन पाहा. नाही पटलं तं वापस आणा. पैशाचं कापूस इकल्यावर पाहू." मग उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे पुस्तकाचंही नाव पडायचं. कोणी काय नेलं, कोणी अर्ध्यात सोडून परत आणलं, सगळं त्या वहीत.

ही फळी ऑनलाइन विक्रीने मारली असं सगळे म्हणतात. आमच्या भागात ती त्याआधीच हलली होती. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं मोफत मिळू लागली (ते चांगलंच झालं, मजुराच्या पोराला नवं कोरं पुस्तक मिळालं). खासगी इंग्रजी शाळा वह्या-पुस्तकं शाळेतूनच विकू लागल्या. जूनचा धंदा बसला, आणि त्याच्यावर पोसलेली फळीही बसली. आज त्या जागी तलाठी आणि पोलीस भरतीचे ठोकळे आहेत. दुकानदाराला दोष देता येत नाही. ठोकळा आठवड्यात विकला जातो, कथासंग्रहाला वर्ष लागतं.

लेखकाचं यात विक्रीपेक्षा मोठं नुकसान झालं आहे. त्याचा अनोळखी वाचक गेला. आता पुस्तक निघतं, प्रकाशन होतं, शाल-श्रीफळ होतं, आणि प्रती 'सप्रेम भेट' लिहून वाटल्या जातात. घेणारे बहुतेक स्वतः लिहिणारेच. तेही आपलं पुस्तक तुम्हाला भेट देतात. कोणी वाईट बोलत नाही, कारण उद्या त्यांच्या पुस्तकावर तुम्हाला बोलायचं असतं. ज्याला लेखकाची भीड नाही, ज्याने पदरचे पैसे मोजले आहेत आणि कंटाळा आला तर जो सरळ पुस्तक मिटतो, असा वाचक नसला की लिहिणाऱ्याला आपलं कुठे चुकतं ते कळायचा रस्ताच बंद होतो. माझ्या पहिल्या पुस्तकाबद्दल सगळ्यात उपयोगाचं मत मला काकाजींकडून मिळालं होतं: "लोकं शेतीच्या गोष्टी वाचतात अन् शहरातल्या सोडून देतात." कोणत्याही परीक्षणात हे आलं नव्हतं.

ग्रंथालयांवर फार विसंबू नका. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेडोपाडी वाचनालयं झाली, अनुदान मिळालं, हे आपल्या राज्याचं मोठं काम आहे. पण खरेदी बरेचदा मार्चअखेरच्या घाईत होते आणि जो जास्त सूट देतो त्याचे गठ्ठे आत जातात. तुमच्या गावच्या ग्रंथपालाला मात्र स्वतः जाऊन भेटा.

आणि 'आपल्याकडे लोक पुस्तकावर पैसा खर्च करत नाहीत' हे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर जाऊन बघा. खेड्यातून आलेली, दिवसभराच्या मजुरीवर जगणारी माणसं स्टॉलसमोर उभी राहून पुस्तकं चाळतात, किंमत विचारतात आणि पिशवी भरून नेतात. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय खंडांसाठी रांगा लागतात. तिकडे पूर्वेला झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, बघा. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथल्या रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, ती तिकीट काढून बघितली जातात आणि त्यातून नाटककाराला मोबदला मिळतो. पैसे देणारा माणूस आहे. त्याच्या हातापर्यंत पुस्तक पोचत नाही, एवढंच झालं आहे.

तेव्हा तुम्ही काय करायचं? प्रती कमी छापा; आता डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या प्रकाशकाला दुरूनच नमस्कार करा. टपाल खात्याने छापील पुस्तकांची जुनी सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली तेव्हा छोट्या प्रकाशकांचे हाल झाले, पण मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. दीडशे पानांचं पुस्तक साधारण पहिल्या टप्प्यातच बसतं. तुमचं पुस्तक त्यांच्या नियमात बसतं का, ते पोस्टात आधी विचारून घ्या.

गावात झेरॉक्स सेंटर असेल, कृषी केंद्र असेल, तिथे पाच-पाच प्रती ठेवा. किमतीच्या तीस-पस्तीस टक्के विकणाऱ्याला खुशीने द्या. दुकानदार एवढं घेतो म्हणून लेखक कुरकुरतात. २०० रुपयांच्या पुस्तकात प्रकाशकाकडून दहा टक्के मानधन मिळालं तर हाती २० रुपयेच येतात, त्यामुळे राग समजतो. पण अनोळखी माणसाला पुस्तक घ्यायला लावणं ही मेहनत आहे आणि तिचा मोबदला त्याचा हक्काचा आहे. महिन्याकाठी तिथे चक्कर मारा, कोणी नेलं ते विचारा आणि त्या माणसाशी जाऊन बोला.

फुकट मात्र वाटू नका, नातेवाइकांनाही नाही. संग्रह निघाला की इथेच किंमत आणि पैसे पाठवायचा नंबर कळवा. एक प्रत माझ्याकडून पक्की, आणि एक आमच्या वाचनालयासाठी.