श्रीमंत घराण्यातल्या प्रेमकथेत नायिकेचं खोटं कधी उघडं करावं?

प्रेक्षकाला पहिल्या पाव भागातच खरं कळू द्या. नायकाला मात्र पाऊण कथा उलटल्यावर, लग्न ठरलंय पण लागलेलं नाही अशा वेळी. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच समजावलं होतं: टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर १५ मिनिटांचा ताण. समजा, नायिका उसना हार घालून मेजवानीला आली आहे. ते आपल्याला माहीत असलं, की यजमानीणबाईंनी कौतुकाने हाराला हात लावताच आपला श्वास अडकतो. हार उलटला तर मागे कोरलेली आद्याक्षरं दिसणार! नंतर सांगितलं तर हा प्रसंग नुसता कौतुकाचाच राहतो.

बहुतेक कथा फसतात त्या गौप्यस्फोटाच्या रीतीने. दाराआडून ऐकलेलं संभाषण हा योगायोग झाला, आणि तो फार स्वस्त वाटतो. पहिलं खोटं झाकायला बोललेलं दुसरं खोटंच तिला पकडून देऊ दे. त्याआधी तिने दोनदा तरी खरं सांगायचा प्रयत्न केलेला हवा, नाहीतर नायकाने केलेली क्षमा पटत नाही.

कथा फक्त नायकाच्या नजरेतून चालत असेल तर हा क्रम लागू होत नाही. तिथे रहस्य शेवटपर्यंत ठेवा, पण मागे वळून पाहिल्यावर सापडतील असे दोन-तीन दुवे आधीच पेरा.